वय किती, यापेक्षा अंगात ताकद किती?
(घरातल्या वडीलधाऱ्यांना कॅन्सर झाला तर)



लागण, खोडवा, पाणी आणि खते यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आज पिकाऐवजी पीक काढणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे. आपल्या सभासदांत साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ आहेत. कॅन्सर हा उतारवयात जास्त आढळणारा रोग आहे, त्यामुळे हा विषय आज ना उद्या कुणाच्याही सोप्यात येऊन उभा राहू शकतो.

असा प्रसंग आला की घरात दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एकजण म्हणतो, "आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. आता या वयात कशाला हाल करायचे? असू देत घरातच." दुसरा म्हणतो, "रान विकू, पण सगळ्यात जालीम औषध द्या." दोघेही मायेपोटीच बोलतात. पण आबांच्या अंगात ताकद किती आहे, हे दोघांनीही विचारलेले नसते. उपचाराचा बराचसा निकाल या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो, म्हणून हा लेख.

तारीख आणि ब्रिक्स

ऊसतोडीचा कार्यक्रम लावताना आपण लागणीची तारीख पाहतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. एकाच आठवड्यात लागण झालेल्या दोन फडांत एकाचा ब्रिक्स चांगला लागतो, तर दुसऱ्याचा कमी भरतो. माणसाचेही तसेच आहे. ऐंशीचे एखादे आजोबा रोज मळ्याची फेरी मारून येतात, तर पासष्टीच्या एखाद्या गृहस्थाला उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो. जन्मतारीख तेवढी पाहून पहिल्याला उपचार नाकारणे ही चूक. दुसऱ्याला जवान माणसाइतकाच पूर्ण डोस देणे हीसुद्धा चूकच.

आपल्याकडे "म्हातारं थकलंय" असे म्हणतात. डॉक्टरही या थकण्याला एक स्वतंत्र अवस्था मानतात. थकलेल्या माणसाच्या अंगातली शिल्लक कमी झालेली असते. विहिरीचे उदाहरण घ्या. दिवसभर उपसा केला तरी जिवंत झऱ्यांची विहीर रात्रीत भरते. झरे आटलेल्या विहिरीत वरून पाणी तेवढेच दिसते, पण दोन तास मोटर चालली की तळ उघडा पडतो. ऑपरेशन, लाईट आणि केमो हा शरीरावरचा मोठा उपसाच आहे.

केमोचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतातच, शिवाय रक्त तयार करणाऱ्या पेशी, तोंडाचे आतले आवरण आणि आतडे यांनाही झळ बसते. काही औषधांचा निचरा मूत्रपिंडातून होतो आणि वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावते. इथे एक फसगत होते. अंगात मांस कमी असलेल्या वृद्धाचे रक्तातले क्रिएटिनीन 'नॉर्मल' दिसते, पण मूत्रपिंडाची खरी ताकद कमी असू शकते. म्हणून डॉक्टर वय आणि वजन धरून हिशेब करतात.

ताकद मोजतात कशी?

मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आपल्या भागातल्या लोकांना माहीत आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने कितीतरी कुटुंबे तिथे गेली आहेत. त्या रुग्णालयात २०१८ पासून वयस्क कर्करुग्णांसाठी वेगळी ओपीडी चालते. तिथे गाठ आणि तिची स्टेज पाहतातच, त्याबरोबर सगळ्या माणसाची तपासणी होते. चालणे, तोल आणि वर्षभरात कितीदा पडले, अंघोळ, कपडे, व्यवहार स्वतः करतात का, वजन आणि भूक, साखर, बी.पी., हृदयाचे जुने आजार, चालू असलेल्या गोळ्या, स्मरणशक्ती, मनाची उमेद, आणि घरात सोबतीला कोण आहे, असे सगळे विचारले जाते.

यातल्या काही चाचण्या अगदी साध्या आहेत. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला पाच सेकंद किंवा जास्त लागले, किंवा हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला पंधरा सेकंदांहून जास्त लागले, तर ताकद घटल्याची ती खूण समजतात. वर्षभरात न ठरवता वजन शंभराला पाच या प्रमाणात घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरले, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. मात्र घरच्या घरी सेकंद मोजून कुणी उपचाराचा निर्णय करू नये. ते काम डॉक्टरांचे.

याचा उपयोग खरोखर होतो काय? अमेरिकेत सत्तरीपुढच्या ७१८ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्व रुग्ण बरा न होणाऱ्या, पुढे गेलेल्या कॅन्सरचे होते. ज्यांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा अहवाल व सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी १०० तील ५१ जणांना उपचाराचा गंभीर त्रास झाला. अहवाल न दिलेल्या गटात हेच प्रमाण १०० ला ७१ होते. पहिल्या गटात पडण्याचे प्रसंगही कमी आले. पुष्कळांना सुरुवातीचा डोस कमी दिला होता, तरी सहा महिन्यांनंतर जगलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. म्हणजे ताकद बघून औषध दिल्याने आयुष्य घटले नाही, हाल मात्र कमी झाले.

थकलेला माणूस सावरतो का?

पुष्कळ अंशी सावरतो. तपासण्या आणि तारखा यांत दोन-तीन आठवडे जातात, ते वाया घालवू नयेत. रक्त कमी असेल तर त्याचे कारण शोधून उपचार घ्यावा. साखर आटोक्यात आणावी. डाळ, दूध, अंडी, मासे, जे चालत असेल ते थोडे थोडे पण वारंवार द्यावे. कुणी सांगितले म्हणून सगळे बंद करून नुसत्या रसावर ठेवू नये. डॉक्टरांना विचारून रोज चालणे व श्वासाचे व्यायाम सुरू करावेत. तंबाखू आणि मिश्री त्याच दिवशी सोडावी. सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावीत. न्हाणीघरातले शेवाळ काढून धरायला दांडा बसवावा.

उपचारही माणूस बघून बेतता येतो. दोनऐवजी एकच औषध देता येते. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या चालतात. स्तनाच्या कॅन्सरची लाईट पूर्वी पाच-सहा आठवडे चाले, ती आता पुष्कळांना तीन आठवड्यांत पुरी करता येते. रोजच्या एस.टी.च्या हेलपाट्याने थकणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे. प्रोस्टेटचे काही कॅन्सर इतके सावकाश वाढतात, की नुसती नजर ठेवूनही भागते.

ज्याचे दुखणे, त्याला विचारले का?

आमच्या परिचयातील एका सभासदाच्या आईंचे उदाहरण सांगतो. वय चौऱ्याहत्तर, स्तनात गाठ. मुलांनी आपसात ठरवले, आईला काही सांगायचे नाही आणि ऑपरेशनही नको. चार दिवसांनी त्या माउलीनेच विचारले, "सगळी कुजबुजताय, मला कुणी विचारलं का?" मग मुलांनी खरे सांगितले. ती म्हणाली, "मला माझ्या पायांनी परसात जायचंय, तेवढं राहील असं करा." डॉक्टरांनी तपासून ताकद चांगली असल्याचे सांगितले आणि ऑपरेशन झाले. आज ती परसात जाते. प्रत्येकाचा शेवट असाच होईल असे आम्ही म्हणणार नाही, पण विचारणे तरी प्रत्येकाला शक्य आहे.

डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. हा उपचार रोग बरा करण्यासाठी, थोपवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? आमच्या माणसाला तो सोसेल का, हे कशावरून ठरवले? कमी त्रासाचा दुसरा मार्ग आहे का? आणि उपचार घेतलाच नाही तर पुढे काय होईल? उपचार न घेण्याचे ठरले तरी वेदना सोसत पडून राहण्याचे कारण नाही. मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसनाची भीती बाळगू नये. २०१४ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर ते रुग्णालयांना ठेवणे सोपे झाले आहे.

केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला, जुलाब थांबेनात, माणूस बरळू लागला किंवा पडला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. सत्तर व त्यापुढील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून आधी चौकशी करावी.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. "हंगाम संपू दे, मग बघू" हे वाक्य आपल्या भागात फार ऐकू येते. तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला चट्टा, अंगावरची नवी गाठ, पाळी गेल्यानंतर जाणारे रक्त, कारणाशिवाय उतरणारे वजन, यांतले काहीही दिसले तर गाळप संपण्याची वाट पाहू नका. तोड चार दिवस पुढे-मागे झाली तर टनेज थोडे घटेल, पण अंगातली ताकद एकदा गेली की ती परत आणणे फार अवघड असते.

सभासदांनी हा लेख घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही विनंती.