शटर उघडलं, तरी गिऱ्हाईक का आलं नाही?

25 मार्च 2020, गुढीपाडवा. ज्या सकाळी डोंबिवलीचा फडके रोड शोभायात्रेने फुलून जायचा, त्याच सकाळी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्यासाठी भरलेला माल कापडवाल्यांच्या कपाटातच राहिला. त्या काळाबद्दलचे काही समज आजही पक्के आहेत. पुढच्या साथीत निर्णय त्यांच्याच आधारे होऊ नयेत, म्हणून ते तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : दुकान उघडलं की गिऱ्हाईक येतंच.
वस्तुस्थिती : जून 2020मध्ये ‘पुनश्च हरिओम’ म्हणत राज्य सरकारने टाळेबंदी शिथिल केली आणि पी-1, पी-2 पद्धतीने दुकानं उघडली, म्हणजे आज रस्त्याची एक बाजू, उद्या दुसरी. लोकल मात्र फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी होती. सरसकट महिलांना ती 21 ऑक्टोबरला मिळाली, तर सर्वांना 1 फेब्रुवारी 2021ला, तीही ठरावीक वेळांत. स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्राचं गिऱ्हाईक म्हणजे लोकलमधून उतरून घरी जाता जाता सहा पोळ्या आणि पाव किलो भाजी घेणारी बाई. ती गाडीतच चढली नाही, तर काउंटरवर येणार कुठून?

गैरसमज : गिऱ्हाईक घटलं ते केवळ सरकारी बंदीमुळे.
वस्तुस्थिती : भीतीचा वाटा मोठा होता. गूल्सबी आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी 2020मध्ये अमेरिकेतल्या शेजारशेजारच्या, पण वेगळे नियम असलेल्या भागांची तुलना केली. ग्राहकांची ये-जा 60 टक्क्यांनी घटली होती. त्या 60पैकी जेमतेम 7 टक्क्यांची घट नियमांमुळे होती. लोक गर्दीची मोठी दुकानं टाळून कमी वर्दळीच्या छोट्या दुकानांकडे वळल्याचंही त्यांना आढळलं. आपल्याकडे लोकल आणि रोजंदारी दोन्ही थांबल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण बंदी उठली म्हणून भीती त्याच दिवशी उठत नाही, हे इथेही खरं.

गैरसमज : वेळ कमी केली की गर्दी कमी होते.
वस्तुस्थिती : एप्रिल 2021मध्ये किराणा दुकानांना सकाळी 7 ते 11 एवढीच मुभा होती. दिवसभर विखुरलेलं गिऱ्हाईक चार तासांत एकवटलं आणि दोरी बांधलेल्या दुकानासमोर रांग लांबली. ज्यांना त्या वेळेत जमलं नाही, त्यांची खरेदीच राहून गेली.

गैरसमज : नियम एकच, म्हणजे झळही सारखीच.
वस्तुस्थिती : मुळात नियमही सगळीकडे एक नव्हते. 7 जून 2021पासून लागू झालेल्या निर्बंधांच्या पाच स्तरांत ठाणे शहर दुसऱ्या स्तरात होतं, तर कल्याण-डोंबिवली तिसऱ्या. तिसऱ्या स्तरात दुकानं दुपारी 4ला बंद होत. पण एकाच नियमाची झळही सगळ्यांना सारखी नव्हती. सकाळी दूध-भाजी विकणाऱ्याला त्याची झळ कमी बसली. पण संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांवर चालणाऱ्या चप्पल, कपडे, भांडी, स्टेशनरीच्या दुकानांचा खरा धंदा 4नंतरच सुरू होतो.

छोट्या दुकानाचं गिऱ्हाईक घर ते स्टेशन या वाटेवर असतं. म्हणून पुढच्या वेळी दुकानाची वेळ ठरवताना ती वाट कुठून जाते आणि माणसं तिथून किती वाजता परततात, हे आधी दुकानदारांना विचारावं.