चाळीस गुंठ्यांतले सात

एकर चौकोनी असेल तर त्याची एकेक बाजू साधारण २०८ फूट भरते. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यावर आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी दहा फुटांचा पट्टा सोडा. किती जागा गेली? सव्वासात गुंठे, चाळीसातले. पट्टा पडीक ठेवायची गरज नाही, पण त्यातला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पट्टा किती फुटांचा हवा, हे प्रमाणन संस्था शेजार बघून ठरवते; दहा फूट मी हिशोबापुरते धरले आहेत.

तोच दहा फुटी पट्टा हजार हेक्टरच्या चौकोनी शेताभोवती आखला तर साडेनऊ एकर जातात. ऐकायला जास्त वाटतात, पण ते शेकडा अर्धासुद्धा होत नाहीत. छोट्या एकराचे गेले शेकडा अठरा. नियम दोघांना सारखाच.

न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. इथे हजार हेक्टरचा मालक शोधायला जाऊ नये. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या की तुकडा लांबट आणि अरुंद होतो. अशा पट्टीवजा रानात बांध जास्त आणि शेत कमी. सात गुंठ्यांचे दहा व्हायला वेळ लागत नाही.

बरं, एवढी भीती कशाची? ज्या कीटकनाशकाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपात सर्वसाधारण मर्यादा आहे किलोला ०.०१ मिलिग्रॅम. शंभर टन उसात एक ग्रॅम. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस धरला, तर पाच ट्रॅक्टरांच्या मालात साखरेच्या एका चिमटीएवढं. कांद्याचा हिशोब आणखी बोचरा आहे. एकरी दहा टन कांदा निघाला तर त्या साऱ्या ढिगाला चालणारं औषध ०.१ ग्रॅम. शेजारच्या एकरात मूळ घटक शंभर ग्रॅम फवारला असेल, तर त्याचा हजारावा भाग उडून कांद्यावर टिकला तरी मर्यादा गाठली. वाऱ्याची एक झुळूक पुरते. बांधावर शेवरी किंवा हत्तीगवताची दाट रांग लावतात ती याचसाठी.

आणि हे सगळं सांभाळायचं ते सेंद्रिय भाव मिळण्याच्या आधीपासून. २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाप्रमाणे बाजरी-कांद्यासारख्या हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं, तर डाळिंबासारख्या बहुवर्षीय पिकाला पहिल्या तोड्याआधी तीन वर्षं रूपांतराची. खर्च आज, भाव परवा.

जगाचे आकडेही असेच तिरपे आहेत. २०२२ साली जगात सुमारे साडेनऊ कोटी हेक्टर सेंद्रिय जमीन होती. तिच्यातली निम्म्याहून जास्त एकट्या ऑस्ट्रेलियात, बहुतेक चराऊ कुरणं, आणि ती सांभाळणारे उत्पादक काही हजार. भारतात सुमारे ४७ लाख हेक्टर आणि २४ लाखांहून जास्त शेतकरी. जगातल्या सेंद्रिय शेतकऱ्यांत निम्म्याहून अधिक आपले. आफ्रिकेत सुमारे २७ लाख हेक्टर आणि दहा लाखांच्या आसपास शेतकरी, त्यातले चार लाख युगांडातले. म्हणून मला हेक्टरांच्या याद्या फसव्या वाटतात. डोकी मोजली की सेंद्रिय शेती मुख्यतः लहान शेतकऱ्याची ठरते, आणि तो न्हावऱ्यातला असो की टांझानियातला, दोघांचं दुखणं एक.

केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा आणि बुरुंडी या पाच देशांनी २००७ साली मिळून एकच सेंद्रिय प्रमाण स्वीकारलं. कागद तयार झाला. पण तो लाखो बांधांवर पोचवायचा कुणी?

एकट्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही म्हणून गट करतात. आपल्याकडे २५ ते ५०० जणांचा. प्रत्येक सभासदाच्या रानाची गटाच्याच माणसाने वर्षातून किमान दोनदा तपासणी करायची. ५०० जणांच्या हजार खेपा. दिवसाला तीन शेतं नीट बघून, वही तपासून, नकाशा जुळवून झाली, तर ३३४ दिवस. पाऊस, सण, लग्नसराई वजा केल्यावर एका माणसाच्या आवाक्यातलं काम नव्हे. वर्षाला अडीचशे दिवस धरून हेच गणित आफ्रिकेच्या दहा लाखांना लावा: वीस लाख खेपा, अडीच हजारांवर तपासनीस. युरोपाने नव्या नियमात गटाला २,००० सभासदांची कमाल मर्यादा घातली. युगांडाचे चार लाख त्यात बसवायचे तर किमान २०० गट, २०० कार्यालयं आणि तितक्याच दप्तरांचे ढीग.

ऊसपट्ट्यात मात्र या कामाचा सांगाडा तयार आहे. कारखान्याच्या शेतकी विभागाचा चिटबॉय वर्षानुवर्षं गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात, खोडवा की आडसाली हे प्लॉटनिहाय लिहून घेत आला आहे. कुणाचं रान कुठल्या चारीवर, कुणाचा बांध कुणाला लागून, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असतं. त्याच्या वहीत आणखी तीन रकाने हवेत: काय टाकलं, कुठून आणलं, शेजाऱ्याने काय फवारलं. तिसऱ्या रकान्यासाठी मात्र शेजाऱ्याशी बोलणं चालू असावं लागतं.