महाडचे डोंगर का सरकतात?

दिवाळीच्या पहाटे कढत पाण्यासाठी घरोघरी बंब पेटतात. महाडजवळच्या सव या गावी मात्र निसर्गाचा बंब बारमाही पेटलेला असतो! सावित्रीच्या काठी तेथे गरम पाण्याचे झरे आहेत. रायगड पाहून परतणारी मंडळी वाट वाकडी करून तेथे जातात, आणि बरोबरचे एखादे चिरंजीव हटकून विचारतात, "बाबा, इथे खाली ज्वालामुखी आहे का?"

नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते, इतकेच. पण चिरंजीवांचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हे. ते ज्या काळ्या कातळावर उभे असतात, तो एकेकाळी वाहता लाव्हारस होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस थरावर थर पसरत गेला आणि पुढे त्यातूनच सह्याद्री घडला. आग विझली, पण उतार सरकण्याची खोड काही गेली नाही.

जागत्या ज्वालामुखींचे उतार तर आजही हळूहळू सरकत असतात. हवाई बेटावरील किलाउएया पर्वताची दक्षिण बाजू वर्षाला काही सेंटिमीटर समुद्राकडे जाते, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण त्याच गतीने! सिसिलीतल्या एटनाची पूर्व बाजूही अशीच समुद्राकडे झुकते आहे. याला कारणे तीन. पर्वताचे स्वतःचे ओझे त्याला खाली खेचते. पायाशी चिकणमातीसारखा कच्चा थर असला, की त्यावरून घसरणे सोपे होते. आणि पोटात शिरणारा शिलारस पाचर ठोकल्यासारखा कडेला बाहेर रेटतो. बहुधा हे सारे मुंगीच्या पावलांनी चालते. पण एखादे दिवशी तोल सुटतो. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊची बाजू समुद्रात कोसळली आणि उसळलेल्या लाटांनी चारशेहून अधिक माणसे नेली.

आता महाड-पोलादपूरकडे वळू. ओझे येथेही आहे आणि उतारही उभा आहे. कातळाच्या काही थरांमध्ये तांबड्या मातीचे मऊ पट्टे आहेत. शतकानुशतकांच्या ऊनपावसाने कातळाचा वरचा भाग कुजून त्याची माती आणि मुरूम झाला आहे. खाली कठीण खडक, वर हे सैल पांघरूण. मग पाचर कोणती? पाणी!

भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफ कशी उचलून धरते, हे गृहिणींना सांगायला नको. मुरलेले पाणी खालच्या खडकावर अडते, मातीच्या कणांमध्ये कोंडते आणि वरचे ओझे तसेच उचलून धरते. मातीची खडकावरची पकड सुटते. त्यातच रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा खणला असेल, झाडे तुटली असतील, तर मग विचारूच नका.

२००५ च्या जुलैत, मुंबई बुडाली त्याच दिवसांत, महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच रात्री पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी पडल्या. वर महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. रस्ते पाण्याखाली असल्याने तळियेला मदत पोचायलाही उशीर झाला.

वाचकहो, डोंगर कोसळतो तो क्षणात. पण पुष्कळदा त्याआधी तो सरकू लागलेला असतो, आणि तसे सांगतही असतो. घरामागच्या उतारावर नवी भेग पडते. झाडे आणि विजेचे खांब कलतात. काल लागणारे दार आज चौकटीत अडते, जोत्याला तडे जातात. नसलेल्या जागी पाझर फुटतो किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. यांतले काही मुसळधार पावसात दिसले, तर सामान आवरीत बसू नये. माणसे आणि गुरे घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला व्हावे. "सकाळी पाहू" हे शब्द अशा वेळी फार महाग पडतात. धोक्याच्या गावांच्या सरकारी याद्या असतात, पण त्यांवरही सारा भार टाकू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली खालापूरची इर्शाळवाडी यादीत नव्हती.

तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील, काका-काकू अजून अशाच एखाद्या वाडीत राहत असतील. दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळ आटोपल्यावर जरा घरामागच्या उतारावर फिरून या. भेग दिसली तर तलाठ्यांच्या आणि तहसीलदारांच्या कानी घाला. पावसाचे पाणी तीत शिरू नये म्हणून ती चिकणमातीने बुजवा आणि वरच्या अंगाला पाण्याला दुसरी वाट काढून द्या. पुढच्या आषाढात वडीलधाऱ्यांनी कोठे मुक्काम हलवायचा, हेही त्यांच्याशी बोलून ठरवा.

साडेसहा कोटी वर्षांच्या म्हाताऱ्या डोंगराला आपण थांबवू शकणार नाही. पण तो कुरकुरू लागला, की त्याचे ऐकणे आपल्या हाती आहे.