पिक्चर कशाला म्हणायचे? आयकर नियमांतली व्याख्या



'व्याख्या पाठ करून काय उपयोग?' असं मुलं विचारतात. त्यांना सांगायला एक चांगलं उदाहरण आहे.

आमच्या भांडगावची मुलंही मोबाईलवर पाच मिनिटांची गोष्ट शूट करतात आणि म्हणतात, "सर, आमचा पिक्चर बघा!" बोलण्यात तो पिक्चरच. पण निर्मात्याला आयकरात खर्चाची वजावट घ्यायची असेल, तर एवढं पुरत नाही.

आयकर नियम १९६२ मधला नियम '९ए' कथापटाच्या निर्मिती खर्चाबद्दल होता. त्यात गोष्ट चांगली की वाईट हे कोणी पाहत नसे. पाहत ते असं:

१) सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालं का?
२) चित्रपट व्यावसायिक पद्धतीने दाखवला का, किंवा त्याचे हक्क विकले का?
३) निर्मात्याने स्वतः दाखवला असेल, तर ३१ मार्चच्या किमान ९० दिवस आधी प्रदर्शित झाला का?

समजा, खर्च १ कोटी रुपये. चित्रपट फेब्रुवारीत लागला आणि मार्चअखेर ४० लाख मिळाले. मग त्या वर्षी वजावट ४० लाखांचीच. उरलेले ६० लाख पुढच्या वर्षी. तोच चित्रपट दिवाळीत लागला असता तर पूर्ण १ कोटी त्याच वर्षी वजा झाले असते. कर्ज काढून मराठी चित्रपट करणाऱ्या छोट्या निर्मात्याला हा फरक फार जड जात असे.

'निर्मिती खर्च' यालाही व्याख्या होती. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या जाहिरातीचा आणि प्रिंट काढण्याचा खर्च त्यात धरत नसत. सरकारी अनुदान उत्पन्नात दाखवलं नसेल, तर तेही त्यातून वजा होत असे.

आणि चित्रपट अर्धवटच सोडून द्यावा लागला तर? प्रमाणपत्रच नाही, म्हणून ९ए लागू होत नसे. पण २०१५ च्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केलं, की असा खर्च व्यवसायाचा नेहमीचा महसुली खर्च म्हणून धरावा. म्हणजे व्याख्येबाहेर राहिलेल्यालाही वाट मिळाली.

वर्गात एक गणित घ्या. प्रमाणपत्राच्या १९८३ च्या नियमांत २००० मीटरपेक्षा लांब फिल्मच्या काल्पनिक गोष्टीला कथापट म्हटलं होतं. ३५ मिमी फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. मग कथापट किती मिनिटांपेक्षा मोठा हवा? उत्तर साधारण ७३. आता मुलांना त्यांच्या पाच मिनिटांच्या पिक्चरची व्याख्या स्वतः लिहू द्या. कोण आत येतं, कोण बाहेर राहतं, यावर वर्गात चर्चा छान रंगेल.