तोतलाडोह नावातला ‘डोह’ म्हणजे नेमकं काय? वाघ, पर्यटक आणि नागपूरचे नळ एकाच नदीवर कसे अवलंबून आहेत?

शनिवार-रविवार आला की नागपूरकरांच्या गाड्या जबलपूर रोडला लागतात. कुणी रामटेकला थांबतं, कुणी पुढे पेंचच्या जंगलात सफारीला जातं. ज्या नदीच्या नावाने हे जंगल ओळखलं जातं, तिचंच पाणी नागपूरच्या घराघरांत नळाला येतं, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

ही नदी कुठून येते, तिच्या खोऱ्यात पाहण्यासारखं काय आहे आणि तिच्या पाण्यावरून दोन राज्यांत वाद का होतो, ते समजून घेऊ.

पेंच नदी येते कुठून?

पेंचचा उगम मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात होतो. पुढे ती डोंगर आणि घनदाट जंगलातून वाट काढत नागपूर जिल्ह्यात उतरते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि हे पाणी शेवटी गोदावरीत जातं.

नदीच्या दोन्ही राज्यांतल्या जंगलांचं नाव पेंचच आहे. महाराष्ट्राच्या बाजूला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९९९ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. रुडयार्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधला मोगली ज्या सिवनीच्या टेकड्यांत वाढला, त्या याच पट्ट्यातल्या.

डोह म्हणजे काय?

पेंच ही पावसावर जगणारी नदी आहे. उन्हाळ्यात तिची धार आटते आणि पात्रातले खडक उघडे पडतात. पण पूर्ण नदी कोरडी होत नाही. पुराच्या पाण्याने कठीण खडकात जिथे खोल खड्डे कोरले आहेत, तिथे पाणी टिकून राहतं. हेच डोह.

एप्रिल-मे महिन्यांत आजूबाजूचे नाले आटले की चितळ, सांबर, रानगवे, रानकुत्रे आणि वाघ अशा पाणवठ्यांकडे येतात. उन्हाळ्यात वाघ दिसण्याची शक्यता जास्त असते, त्याचं एक मोठं कारण हेच. तोतलाडोह या नावातही असाच एक डोह आहे.

धरणामुळे काय बदललं?

तोतलाडोह धरण १९८०च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झालं. दोन राज्यांच्या या संयुक्त प्रकल्पातल्या जलविद्युत केंद्राची क्षमता १६० मेगावॉट आहे. त्यातली दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशला आणि एक तृतीयांश महाराष्ट्राला मिळते.

धरणाने सुमारे ७२ चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. त्याखाली दरीचा मोठा भाग, नदीकाठचं जंगल आणि कित्येक डोह गेले. पण उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, तेव्हा मोकळ्या झालेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं आणि चितळांचे कळप तिथे उतरतात.

जलाशयावर मासेमारी करून पोट भरणाऱ्यांचा प्रश्न मात्र अवघड झाला. राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी आहे आणि त्यावरून वनविभाग व मच्छीमार यांच्यात अनेक वर्षं संघर्ष राहिला आहे.

इथे काय पाहाल?

- सिल्लारी आणि खुर्सापार: जंगल सफारीची ही दोन प्रमुख प्रवेशद्वारं. सिल्लारीला निसर्ग पर्यटन संकुलही आहे.
- कोलितमारा: पारशिवनीच्या बाजूचं हे ठिकाण शांत आहे. इथे नदीच्या फुगवट्यातला नौकाविहार आकर्षण ठरतो. तो सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.
- रात्रीचं आकाश: जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला.
- रामटेक, खिंडसी, मनसर: वाटेवरच गडमंदिर आणि खिंडसी तलाव आहे. मनसरला उत्खननात सापडलेले प्राचीन अवशेष पाहता येतात.
- महामार्गाखालच्या वाटा: राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलातून जातो, तिथे रस्ता उंच खांबांवर नेला आहे. खालून वाघांसह इतर प्राणी ये-जा करतात. इथे गाडी थांबवून फोटो काढत बसू नका.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात, गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा.

मग पाण्याचा वाद कसला?

तोतलाडोहातून वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात अडवलं जातं. तिथून ते नागपूरला पिण्यासाठी आणि कालव्यांनी शेतीला जातं. पेंचच्या पाणीवाटपासाठी दोन्ही राज्यांत १९६४ मध्ये करार झाला. त्यानुसार मध्य प्रदेशानेही आपल्या वाट्याचं पाणी अडवण्यासाठी छिंदवाडा जिल्ह्यात चौराईजवळ धरण बांधलं.

हे धरण तोतलाडोहच्या वर असल्याने पावसाचं पाणी आधी तिथे अडतं. पाऊस चांगला झाला तर दोन्ही धरणं भरतात. पाऊस लांबला की खाली चणचण जाणवते. २०१९ मध्ये तेच झालं आणि जुलैमध्ये नागपूर शहराला दिवसाआड पाणीपुरवठा करण्याची वेळ आली.

पर्यटकांशी याचा काय संबंध?

वरच्या डोंगरातलं जंगल पावसाचं पाणी मुरवतं आणि माती धरून ठेवतं. जंगल विरळ झालं तर माती वाहून धरणात गाळ साचतो आणि साठवण कमी होते. म्हणजे वाघासाठी राखलेलं जंगल नागपूरच्या नळालाही सांभाळतं.

त्यामुळे काठावर टाकलेली प्लास्टिकची बाटली शहराच्याच पाण्यात जाते, हे ध्यानात ठेवलेलं बरं. आणखी एक गोष्ट: डोहाचं पाणी वरून संथ दिसतं, पण तळ एकदम खोल जातो. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खालच्या पात्रातली पातळीही वाढते. म्हणून सेल्फीसाठी किंवा पोहण्यासाठी पात्रात उतरू नका. नदी काठावरून, बोटीतून किंवा सफारीच्या जिप्सीतूनच पाहा.