मनोरुग्णाचा क्षोभ : साखळीवाचून उपाय

मनोरुग्णालय म्हटले की आमली-सिलवासा परिसरातही अनेकांच्या डोळ्यांपुढे हिंसक रुग्ण उभा राहतो. वस्तुतः बहुसंख्य मनोरुग्ण कोणासही इजा करीत नाहीत. काही रुग्ण क्षुब्ध होतात, त्यास कारणे असतात : नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपला घात करील ही भीती, दारू एकाएकी तुटणे, औषधात पडलेला खंड, तसेच गर्दी, गोंगाट व अवमान.

म्हणून प्रशिक्षित परिचारक सुरक्षित अंतर राखून हळू आवाजात बोलतो, गर्दी हटवितो व रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतो. बांधल्याने भीती वाढते, प्रसंगी जीवही जातो. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत, साखळ्यांमुळे पळता न आल्याने २५ हून अधिक मनोरुग्ण मृत्युमुखी पडले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास साखळीने जखडण्यास व एकांतात कोंडण्यास मनाई आहे. तत्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्गच नसेल तर मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, आवश्यक तेवढाच वेळ रुग्णास जखडून ठेवता येते. त्याची नोंद बंधनकारक आहे. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून तसे करता येत नाही.

घरी असा प्रसंग उद्भवल्यास विळा-कोयता दूर ठेवावा आणि भगताकडे दिवस न दवडता शासकीय रुग्णालय गाठावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी.