नंबर नको, पत्ता सांगा!

मीरा रोड स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला कुणी अक्षांश-रेखांश सांगतं का? आपण म्हणतो, 'शांतीनगर, सेक्टर अमुक.' मग व्हिडिओ कॉन्फरन्सिंगलाच आकड्यांची जपमाळ कशाला?

आमच्या ऑफिसात क्लायंटच्या मशीनचा आयपी नंबर टीव्हीखाली चिकटवलेला असायचा. त्यांनी नेटवर्क बदललं की नंबर बदलायचा आणि ऐन वेळी मीटिंग बोंबलायची. शेवटी आयटीवाल्याच्या मागे लागून मी पत्त्यानं डायल करायची सोय करून घेतली.

यात जादू नाही. तुम्ही ईमेलसारखा पत्ता टाकायचा. आपला कॉल सर्व्हर त्यातलं डोमेन बघतो. ते बाहेरचं असेल तर डीएनएसला विचारतो. तिथली एसआरव्ही नोंद सांगते, कुठल्या मशीनकडे, कुठल्या पोर्टवर जायचं. एसआयपी कॉलसाठीचे हे नियम 2002 सालच्या आरएफसी 3263 मध्ये आहेत.

आयटीवाल्याला तीन कामं सांगा. सर्व्हरला डीएनएस जोडून दे. बाहेरच्या डोमेनचे कॉल तिकडे वळव. फायरवॉलमधून वाट उघड: साध्या एसआयपीला सहसा 5060, सुरक्षितला 5061. आवाज-चित्राचे पोर्ट राहिले, तर कॉल लागेल, पण समोर काळा पडदा! आणि हो, समोरच्या कंपनीनंही आपली नोंद डीएनएसमध्ये टाकलेली हवी.

तेव्हा बॉस, डोकं चर्चगेट लोकलमधल्या चौथ्या सीटसाठी राखून ठेवा. आकडे लक्षात ठेवायला डीएनएस आहे!